'लाइन' : एका पाहुण्या शब्दाची वहिवाट

दिवेलागणीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या गांवांत एकाएकीं अंधार झाला म्हणजे घराघरांतून एकच उद्गार ऐकूं येतो, "लाइन गेली!" घटकाभरानें दिवे उजळले कीं अंगणांतलीं मुलें ओरडतात, "लाइन आली!" पुण्याहून किंवा कोंकणांतून आलेल्या पाहुण्यास याची थोडी मौज वाटते. त्याच्या घरीं अशा वेळीं 'लाईट' जाते. येथें 'लाइन' जाते. दोन्ही शब्द इंग्रजीच, तेव्हां कोणी कोणास हंसावें हा प्रश्नच आहे. पण विचार केला तर वऱ्हाडच्या माणसाची निवड अधिक विचाराची दिसते. दिवा हा विजेच्या अनेक कामांपैकीं एक. पंखा थांबतो, पिठाची चक्की थांबते, शेतांतली मोटर थांबते; आणि मोटरीला कांहीं उजेड नसतो. मग जी वस्तु खरोखर गेली ती उजेड नव्हे, दुरून तारेवाटे घरापर्यंत येत असलेली 'लाइन' गेली, असें म्हणणेंच यथार्थ होय.

श्रोतेहो, कोशांत शब्दाचा अर्थ सांपडतो. परंतु शब्द कोणाच्या घरीं राहतो, काय काम करतो आणि कोणाचें काम तो करीत नाहीं, हें कोश सांगत नाहीं. 'लाइन' हा इंग्रजींतला अगदीं साधा शब्द. तो एका जिल्ह्यांत कसा नांदतो, एवढेंच आज पाहावयाचें आहे. यवतमाळ हें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें गांव. तें तेथें १९७३ सालीं ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालीं भरलें आणि २०१९ च्या जानेवारींत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं पुन्हां भरलें. मराठीच्या अभिमानाला तेथें तोटा नाहीं. तरीहि ज्या मुखानें तेथें मराठीचा जयजयकार झाला, त्याच मुखांत 'लाइन' हा शब्द दिवसांतून दहा वेळां येतो. आणि उच्चारणाऱ्याला तो परका आहे याची आठवणहि होत नाहीं.

प्रथम त्याचें कुळ पाहावें. 'लाइन' या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील 'लिनेआ' या शब्दांत आहे, व 'लिनेआ' म्हणजे 'लिनम'चा दोरा. हें 'लिनम' म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपलें जवस! ज्या जवसाची चटणी विदर्भांत भाकरीबरोबर घरोघर खाल्ली जाते, त्याच जवसाच्या कांडाच्या तंतूंपासून युरोपांत कापड विणीत. त्या कापडास 'लिनन' म्हणत. त्याच तंतूची दोरी ताणून गवंडी व सुतार सरळपणा पाहात, म्हणून ताणलेली दोरी ती 'लाइन', आणि तिच्या कडेनें ओढलेली रेघ तीहि 'लाइन'. कोटाच्या आंत लिननचें कापड लावीत, म्हणून अस्तराला 'लायनिंग' हें नांव पडलें व तें आज आपल्या शिंप्याच्या तोंडीं आहे. युरोपांत जवसाचा धागा निघाला, आपल्याकडे जवसाचें तेल आणि चटणी निघाली. पीक एक, उपयोग निराळे.

आतां मौज अशी कीं, ही जी 'दोऱ्यापासून रेघ' अशी वाट इंग्रजी शब्द चालला, तीच वाट मराठीचा एक शब्द फार पूर्वींच चालून गेला आहे. तो शब्द 'सूत'. सूत म्हणजे कापसाचा धागा. तोच ताणून सुतारानें लाकडावर रेघ पाडावी, गवंड्यानें भिंत सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. भिंत 'सुतांत' असणें म्हणजे सरळ असणें. 'सुतार' हें नांवच 'सूत्रधार' या शब्दावरून आलें, म्हणजे सूत धरणारा. इंचाच्या आठव्या भागाला बांधकामावर आजहि 'सूत' म्हणतात, व लोखंडाच्या दुकानांत चार सुती सळई मागितली म्हणजे दुकानदार मुकाट्यानें अर्ध्या इंचाची सळई काढून देतो. कापूस पिकविणाऱ्या मुलखानें आपली सरळ रेघ कापसापासून घ्यावी, आणि जवस विणणाऱ्या मुलखानें जवसापासून, हें स्वाभाविकच झालें. मग घरांत 'सूत' असतांना 'लाइन' कां आली? याचें उत्तर शब्दांत नाहीं. तें ज्या वस्तूंबरोबर हा शब्द आला, त्या वस्तूंत आहे.

या मुलखांत आलेली पहिली मोठी 'लाइन' म्हणजे आगगाडीची. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग भुसावळ, मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा असा १८६७ सालीं नागपुरास पोंचला. यवतमाळ मात्र या मार्गापासून दूर राहिलें, आणि कपाशीनें भरलेल्या गाड्या बैलांनीं धामणगांवच्या स्टेशनापर्यंत ओढाव्या लागत. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची वाट कारंजा व दारव्हा या गांवांवरून टाकण्यांत आली. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. हीच लोकांच्या लाडकी 'शकुंतला'. तिला लोकांनीं नांव कवीच्या नायिकेचें दिलें, पण तिच्या वाटेला मात्र 'लाइन'च म्हटलें.

या लाइनीचीं दोन्ही टोकें कोठें होतीं हें पाहण्यासारखें आहे. मार्ग बांधला तो किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीनें स्थापिलेल्या कंपनीनें. बांधण्यामागचा मुख्य हेतु यवतमाळचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळवून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे धाडण्याचा. पुष्कळ वर्षें ही गाडी ओढणारें वाफेचें इंजिनहि मँचेस्टरलाच १९२१ सालीं तयार झालें होतें. १९२३ पासून तें या रुळांवर धांवूं लागलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं डिझेलच्या इंजिनाला जागा देऊन निवृत्त झालें. सत्तर वर्षें एका इंजिनानें नोकरी केली. असें भाग्य माणसांपैकीं फारच थोड्यांना लाभतें. देशांतील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, तरी या लाइनीची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. पुढें ती गाडीहि थांबली. नवी रुंद लाइन वर्ध्याहून यवतमाळमार्गें नांदेडपर्यंत २८४ किलोमीटरची होणार असें ठरलें, व तिच्यापैकीं वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुला झाला. या सर्व काळांत जिल्ह्यांतील एका पिढीनें 'लाइन बंद झाली' म्हणून खेद केला आणि दुसरीनें 'लाइन केव्हां येणार' म्हणून वाट पाहिली. शब्द तोच, उसासा मात्र निराळा.

रेल्वेबरोबरच आणखी एक 'लाइन' आली ती साहेबाच्या वस्तीची. इंग्रजी लष्करांत तंबू किंवा बराकी ओळीनें मांडीत, म्हणून शिपायांच्या वस्तीला 'लाइन्स' म्हणूं लागले. मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले ज्या भागांत, ती 'सिव्हिल लाइन'. शिपायांच्या खोल्या ज्या भागांत, ती 'पोलीस लाइन'. नागपुरास ही नांवें आहेत, यवतमाळासहि आहेत, आणि साहेब जाऊन पाऊणशें वर्षें लोटलीं तरी तीं बदललीं नाहींत. गांवांतल्या जुन्या वस्त्यांना पुरा, पेठ, वार्ड, आळी अशीं नांवें. सरकारानें आंखून दिलेल्या वस्तीला मात्र 'लाइन'. पहिली वस्ती माणसांनीं घरें बांधीत बांधीत वाढविली. दुसरी कागदावर पट्टीनें आंखली गेली.

तिसरी, आणि आज सर्वांत बलवत्तर झालेली लाइन विजेची. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्याचे भाग होऊन घरोघर वीज पोंचविण्याचें काम महावितरण कंपनीकडे आलें. सरकारी कागदावर या तारेला 'वाहिनी' असें सुरेख नांव आहे: उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी. शब्द शुद्ध, अर्थवाही, आणि ऐकावयासहि गोड. परंतु शेताच्या धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी "वाहिनी आली काय?" असें विचारीत नाहीं. तो विचारतो, "लाइन आली काय हो?" शेतीच्या पंपांना आळीपाळीनें कधीं दिवसा आठ तास, तर कधीं रात्रीं दहा तास वीज द्यावयाची, अशी व्यवस्था महाराष्ट्रांत कैक वर्षें चालत आली. ज्या आठवड्यांत रात्रीची पाळी, त्या आठवड्यांत गहूं-हरभऱ्याला पाणी देण्यासाठीं थंडींत मध्यरात्रीं शेतांत जावें लागे. पाण्याच्या सरींत साप, पिकांत रानडुकरें; आणि राळेगांव-पांढरकवड्याकडे तर वाघाचें भय. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं 'अवनी' नांवाची वाघीण मारली गेली, त्यापूर्वीं त्या बाजूच्या गांवांनीं किती रात्री जीव मुठींत धरून काढल्या असतील, याची कल्पना शहरांत बसून यावयाची नाहीं. त्या माणसाच्या तोंडीं 'लाइन' हा शब्द येतो तेव्हां तो नुसत्या तारेचें नांव घेत नसतो. आपल्या झोपेचा, पिकाचा आणि क्वचित् जिवाचा हिशेब तो त्या एका शब्दांत करीत असतो.

याच लाइनीवर आणखी एका माणसाचा जीव टांगलेला असतो. तो लाइनमन. खांबावर चढण्यापूर्वीं त्यानें उपकेंद्राकडून ती लाइन बंद केल्याची परवानगी घ्यावयाची असते. तिला खात्यांत आणि खात्याबाहेर सगळेच 'परमिट' म्हणतात. मग प्रवाह खरोखर नाहीं याची परीक्षा करावयाची, तार जमिनीशीं जोडून घ्यावयाची, आणि मगच हात लावावयाचा. कारण उपकेंद्रांतून लाइन बंद असली तरी कोणाच्या घरच्या जनरेटरचा प्रवाह उलटा येऊन तार जिवंत करूं शकतो. येथें 'लाइन बंद आहे' आणि 'लाइन गेली आहे' या दोन वाक्यांत जन्म-मरणाचें अंतर पडतें. 'गेली' म्हणजे आपोआप गेली. ती कोणत्याहि क्षणीं आपोआप येईल. 'बंद आहे' म्हणजे कोणा जबाबदार माणसानें बंद केली आहे, आणि आपण खालीं उतरल्यावांचून तो ती सुरू करणार नाहीं. व्याकरणांत अकर्मक क्रियापद आणि कर्मणि प्रयोग हा भेद मुलांना कंटाळवाणा वाटतो. खांबावर चढणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटून चालत नाहीं.

रेल्वेंतील 'लाइन क्लिअर' हा शब्दप्रयोगहि असाच. पुढच्या स्टेशनपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, अशी पुढच्या स्टेशनमास्तरानें दिलेली ती ग्वाही. आज तो रुळांवरून उतरून बाजारांत व लग्नघरांत हिंडूं लागला आहे. कर्जाच्या कागदावर शेवटची सही झाली, 'लाइन क्लिअर'. मुलीच्या मामानें स्थळाला होकार दिला, 'लाइन क्लिअर'. येथेंहि पाहावें: रस्ता मोकळा आहे कीं नाहीं हें गाडी हांकणारा ठरवीत नाहीं. तें ठरविणारा पुढच्या स्टेशनवर बसलेला असतो.

आतां माणसांच्या लाइनीकडे वळूं. रांग या अर्थीं 'लाइन' हा शब्द केव्हां आला तें सांगणें कठीण. पण तो कोठें वापरतात तें सांगणें सोपें आहे. स्वस्त धान्याच्या दुकानापुढें लाइन. दवाखान्यांत चिठ्ठीसाठीं लाइन. राज्यांत १९७२ सालापासून कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना सुरू झाली; पुढें ती मक्तेदारी संपली, परंतु त्या दिवसांत खरेदी-केंद्रांबाहेर लागणारी बैलगाड्यांची लाइन जुन्या माणसांच्या स्मरणांतून गेली नाहीं. गाडीखालींच चूल, गाडीखालींच अंथरूण, आणि नंबर केव्हां लागेल तो लागेल. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर बँकांपुढें लागली तीहि लाइनच. आणि अलीकडे लाइन डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे. पीकविमा, अनुदान, सातबारा, सारें 'ऑनलाइन'. खेड्यांत तर हें विशेषण राहिलेलें नाहीं, त्याचें नामच झालें आहे. "कालच ऑनलाइन करून आणलं," असें म्हातारा सांगतो. म्हणजे तालुक्याला जाऊन, पैसे मोजून, दुसऱ्याच्या हातून अर्ज भरून आणला. जी सोय घरबसल्या व्हावी म्हणून निघाली, तिच्यासाठीं पुन्हां एकदां लाइनींत उभें राहून तो आला असतो.

याच्या उलट एक दृश्य पाहावें. लग्नांत किंवा गांवच्या भंडाऱ्यांत शेंकडों माणसें ओळीनें बसतात. तीहि माणसांची सरळ ओळच. पण तिला कोणी 'जेवणाची लाइन' म्हणत नाहीं. ती 'पंगत'. उभ्यानें ताट घेण्याची नवी रीत आली, तेथें मात्र "लाइनींत या" असें ऐकूं येऊं लागलें. हा भेद कोणी शिकविलेला नाहीं. पंगतींत बसलेल्या माणसाला ठाऊक असतें कीं, वाढपी आपल्यापर्यंत येणार. त्याच्यासाठीं थांबणें हा यजमानाचा धर्म आहे. लाइनींत उभ्या असलेल्या माणसाला हें ठाऊक नसतें. आपला नंबर येईपर्यंत खिडकी बंद होईल कीं काय, या धास्तीनें तो टाचा उंचावून पुढें पाहात असतो.

शेतांतहि तसेंच. पेरणीच्या वेळीं पडणारी ओळ तिला 'तास' किंवा 'काकर' म्हणतात. दोन शेतांमधील हद्द म्हणजे 'धुरा'. पाणी घेण्याचा क्रम ती 'पाळी'. भिंतीचा सरळपणा तें 'सूत'. पुस्तकांतल्या अक्षरांची ती 'ओळ', देवाच्या उत्सवांत चालणारी ती 'दिंडी'. इतक्या सरळ रेघा, आणि त्यांपैकीं एकीलाहि 'लाइन' या शब्दाची गरज भासली नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षें शेजारीं राहूनहि 'लाइन'नें 'तास' आणि 'धुरा' यांना अद्याप हुसकून लावलेलें नाहीं.

येथें या शब्दाची वहिवाट स्पष्ट होते. ज्या रेघेचीं दोन्ही टोकें माणसाच्या स्वतःच्या, किंवा त्याच्या गांवाच्या, हातांत आहेत तिला त्यानें आपला शब्द ठेवला. जिचें एक टोंक त्याच्या दारांत आहे आणि दुसरें टोंक कोठें तरी दूर, न दिसणाऱ्या हातांत आहे, तिला तो 'लाइन' म्हणतो. रेल्वेचें दुसरें टोंक मँचेस्टरला होतें, विजेचें उपकेंद्रांत असतें, धान्याचें कोठारांत, अर्जाचें कोठल्या यंत्रांत तें देवच जाणे. आणि देवाचें नांव निघालेंच म्हणून सांगावयाचें, कीं शेगांवला दर्शनाला गेलेला भाविकहि आतां 'दर्शनाची लाइन' म्हणतो. तेथें दुसरें टोंक कोणाच्या हातांत आहे, हें त्यालाच विचारावें!

तरुणांच्या बोलण्यांतला एक प्रयोग सभ्य कानांना खटकतो, पण या नियमाला तो इतका तंतोतंत उतरतो कीं गाळणें बरें नव्हे. पूर्वीं दोन मनें जुळलीं म्हणजे 'सूत जुळलें' म्हणत. आतां एखादा मुलगा कोणा मुलीच्या वाटेवर उगाच घिरट्या घालूं लागला, म्हणजे तो 'लाइन मारतो' असें म्हणतात. सूत जुळण्यास दोघे लागतात. लाइन मारण्यास एकटा पुरतो. दुसरें टोंक येथेंहि त्याच्या हातीं नसतेंच, आणि हें त्यानें वेळींच ओळखलेलें बरें.

याहून गंभीर अर्थानें हा शब्द घरांत शिरला तो मुलांच्या शिक्षणाच्या निमित्तानें. "पोट्ट्याला कोणत्या लाइनीला टाकलं?" हा प्रश्न गांवोगांव विचारला जातो. सायन्स लाइन, मेडिकल लाइन, आय. टी. आय. ची लाइन. आणि मुलाला कोठें तरी नोकरी लागली, कीं बाप समाधानानें सांगतो, "पोरगं लाइनीला लागलं." बापाच्या वेळीं मुलगा 'कामाला' लागे, 'धंद्याला' लागे, 'शेतीला' लागे. ती वाट बापाला पायाखालची होती. ती कोठें जाते, तिच्यांत खळगे कोठें आहेत, हें तो सांगूं शकत असे. नव्या लाइनीचें तिकीट तो शेताचा तुकडा विकून काढतो. गाडी कोठें जाते हें मात्र त्याला ठाऊक नसतें. म्हणून 'लाइनीला लागलं' या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांत आनंद असतो, तसाच सुटल्यासारखा एक निःश्वासहि असतो.

आणि ज्याची लाइन तुटते त्याचें काय? याच जिल्ह्यांत महागांव तालुक्यांत चिलगव्हाण नांवाचें गांव आहे. तेथील साहेबराव करपे हे गांवचे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले, भरपूर जमीन बाळगणारे शेतकरी. बिल थकलें म्हणून त्यांच्या शेताची वीज तोडली गेली. उभें पीक पाण्यावांचून वाळलें. १९ मार्च १९८६ रोजीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें त्यांनीं पत्नी व चार मुलांसह आपली जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याची जाहीरपणें नोंदली गेलेली पहिली आत्महत्या म्हणून ती घटना सांगितली जाते. दर वर्षीं १९ मार्चला त्यांच्या स्मरणार्थ अनेक ठिकाणीं लोक एक दिवस अन्नत्याग करतात. एका कुटुंबाच्या अंताचें कारण एकच नसतें: कर्ज, भाव, पाऊस, कायदे, सारीं त्यांत असतात. तथापि 'लाइन कापली' हे दोन शब्द जिल्ह्यांत आजहि कोणी सहज उच्चारीत नाहीं. खुंटीवर बसून तार तोडणाऱ्याला ती एक तार असते. तिच्या या टोंकाला काय काय बांधलेलें आहे, हें त्याला दिसत नाहीं.

परंतु दूरच्या हातानें ओढलेली रेघ माणसानें निमूटपणें मानलीच पाहिजे, असेंहि नाहीं. याच मातीनें त्याचें उदाहरण घालून दिलें आहे. वनखातें जंगलांत वणवा आडवावा म्हणून पट्टे मोकळे ठेवतें. त्यांना 'फायर लाइन' व सरकारी मराठींत 'जाळरेषा' म्हणतात. पण त्याहून मोठी रेघ सरकारानें नकाशावर ओढली होती. या रेघेपलीकडचें जंगल राखीव. तेथलें गवतहि गांवकऱ्यांचें नव्हे. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलांत शिरले, त्यांनीं विळ्यानें गवत कापलें, आणि अटक करवून घेतली. वणीच्या मातींत वाढलेला हा संस्कृतज्ञ वकील. त्यानें त्या दिवशीं रेघेविरुद्ध व्याख्यान दिलें असतें तर तें कदाचित् विस्मृतींत गेलें असतें. तो ती ओलांडून गेला, म्हणून वऱ्हाडांतील जंगल सत्याग्रहाचा उल्लेख आजहि त्याच्या नांवानें होतो.

आतां प्रश्न उरतो भाषेचा. परकीय शब्दांचा निकाल लावण्याचा विचार मराठींत नवा नाहीं. शिवाजीमहाराजांनीं फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करविला. गेल्या शतकांत स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, व 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द आज सर्वांच्या अंगवळणीं पडले आहेत. 'लाइन'ला मात्र असा एक शब्द मिळाला नाहीं, आणि तो मिळावयाचाहि नाहीं. कारण लोहमार्ग, वाहिनी, रांग, वसाहत, व्यवसाय हीं पांच कामें पांच शब्दांनीं होतात. आणि या पांचहींच्या पोटांत जी एक गोष्ट आहे, दूरच्या हातावर अवलंबून राहण्याची, ती त्यांपैकीं एकाहि शब्दांत येत नाहीं. ती एकट्या 'लाइन'मध्यें येते. इंग्रजीच्या कोशांत हा अर्थ सांपडणार नाहीं. तो यवतमाळच्या माणसानें स्वतःच्या अनुभवानें त्या शब्दांत घातला आहे, आणि तेवढ्यापुरता तो शब्द मराठीच झाला आहे.

म्हणून सुशिक्षित घरांतून दोन गोष्टी पाळल्या जाव्या एवढेंच सुचवावयाचें आहे. 'लाइन गेली' म्हणणाऱ्या मुलाला दटावूं नये. तो अशुद्ध बोलत नाहीं, आपल्या मुलखाचा इतिहास बोलत आहे. परंतु तोच मुलगा पंगतीला 'लाइन' म्हणूं लागला, धुऱ्याला 'लाइन' म्हणूं लागला, किंवा वहींतल्या ओळीला 'लाइन' म्हणूं लागला, तर त्याला थांबवावें. कारण पंगत, धुरा, ओळ, सूत या वस्तु अजून आपल्या हातांत आहेत. शब्द सोडला म्हणजे हळूहळू आपल्याला असें वाटूं लागतें, कीं तीं टोकेंहि दुसऱ्याच कोणाच्या हातांत आहेत.

शब्दाची वहिवाट मोडते ती कशानें, याचेंहि एक चिन्ह अलीकडे दिसूं लागलें आहे. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली, आणि पुढें मागेल त्याला सौर कृषिपंप देण्याची योजना आली. ज्याच्या शेतांत असा पंप बसला, त्याला खांब नाहीं, तार नाहीं, रात्रीची पाळी नाहीं. पंप मंद चालला तर तो आकाशाकडे पाहून म्हणतो, "आज आभाळ आहे." कधीं 'लाइन' या शब्दाची वाट पाहात रात्र काढणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द असा अलगद गळून पडावा, याकरितां कोणत्याहि कोशाची वा ठरावाची गरज लागली नाहीं. तारेचें दुसरें टोंक हातांत आलें, आणि शब्दाचें काम संपलें.